एकोणीस गाड्या आणि एक खुर्ची

आमच्या वालेनरॉइट गावच्या रेल्वेमित्र मंडळात एक जुनी पद्धत आहे. बैठकीत ठरावाला जो विरोध करेल, त्याच्याच गळ्यात ते काम पडतं. त्यामुळे आमच्याकडे बहुतेक ठराव एकमताने मंजूर होतात आणि कामं मात्र कुणीच करत नाही. मंडळ त्रेचाळीस वर्षं सुरळीत चाललंय ते याच कारणाने.

सुरुवातीला आम्ही एकतीस जण होतो. आता चौघे उरलोत. बाकीचे बहुतेक चर्चमागच्या दफनभूमीत शेजारी शेजारी आहेत, आणि माझा अंदाज असा की तिथेही त्यांची मागची बैठक अजून संपलेली नाही. उरलेल्यांत आल्विन वुंडरलिश अध्यक्ष. डेटलेफ क्युनलाइन हा मंडळाचा युवा विभाग, वय चौपन्न. मी इतिवृत्त लिहितो, म्हणजे कोण काय बोललं ते, आणि बोलायला हवं होतं ते. चौथा ओटमार ब्रुकल, वय एकोणऐंशी. ही गोष्ट त्याची.

याशिवाय रोझविता आहे. आमच्या दिवंगत खजिनदाराची बायको. पस्तीस वर्षं तिने बाजारपेठेत पडद्यांचं दुकान चालवलं, आता मंडळाचा केक आणि कॉफी चालवते. ती सभासद नाही, कारण सभासदाकडे स्वतःचं निदान एक इंजिन हवं असा नियम आहे. नवऱ्यामागे तिच्या नावावर अकरा इंजिनं आली आहेत, पण हे अध्यक्षांच्या लक्षात अजून कुणी आणून दिलेलं नाही.

आमची छोटी रेल्वे शाळेच्या तळघरात आहे. चौदा मीटर लांब. तीन स्थानकं, गाडीचा रूळ बदलणारे चाळीस सांधे, एकोणीस गाड्या, आणि सगळीकडे १९६२ साल. नाताळाआधीच्या चार रविवारी आम्ही ती गावाला दाखवतो. ती नीट चालवायला सात माणसं लागतात. गेल्या वर्षी आम्ही चौघांनी सातांचं काम केलं. दुपारी तीन वाजता मालगाडी जलदगाडीच्या पोटात घुसली आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आल्विनच्या जिव्हारी लागल्या.

म्हणून सप्टेंबरच्या बैठकीत त्याने ठराव मांडला: यंदा गाड्या कॉम्प्युटरने चालवायच्या.

"माझा विरोध आहे," ओटमार म्हणाला.

आम्ही तिघांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. मंडळात आल्यापासूनच्या बावीस वर्षांत त्याने कशालाच विरोध केला नव्हता.

"नीट विचार केलास ना?" आल्विनने विचारलं.

"केलाय."

"मग कॉम्प्युटर तुझ्याकडे."

"ठाऊक आहे मला. पण इतिवृत्तात लिही की मी विरोध केला."

मी लिहिलं.

त्याचा विरोध कशाला होता ते आम्हाला सगळ्यांनाच कळत होतं. ओटमार खऱ्या रेल्वेत केबिनवर होता. गावाबाहेरच्या केबिनमध्ये त्याने एकतीस वर्षं सांधे बदलले, सिग्नल पाडले. मग साठ किलोमीटरवरच्या एका शहरात कॉम्प्युटर बसला आणि एका सोमवारी सकाळी केबिनची गरज संपली. ओटमारला मानपत्र आणि सॉसेजची टोपली मिळाली. पुढच्या आठवड्यात तो आमच्याकडे आला, मुख्य स्थानकाच्या चौसष्ट बटणांसमोरच्या खुर्चीत बसला, आणि तेव्हापासून त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं नाही. आता कॉम्प्युटर तिथेही आला. तो चालला तर खुर्ची गेली, आणि तो चालवायची जबाबदारी ओटमारचीच.

दुसरा कुणी असता तर त्याने काम रेंगाळत ठेवलं असतं. ओटमारने आधी प्रोग्रामची पुस्तिका वाचून काढली. सहाशे बारा पानं. पान दोनशे तीसवर छपाईची चूक निघाली, ती त्याने पत्राने कळवली.

पहिल्या संध्याकाळी प्रोग्रामने आम्हाला दोनच प्रश्न विचारले. भाषा कोणती? ते जमलं. तुमच्या रेल्वेचं नाव काय? इथे दीड तास गेला. त्रेचाळीस वर्षांत आपल्या रेल्वेला नावच नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी 'तूर्तास' असं नाव ठरलं आणि आम्ही बिअर प्यायला गेलो.

दुसऱ्या संध्याकाळी प्रत्येक इंजिनाला क्रमांक द्यायचा होता. कारखान्यातून येणारं नवं इंजिन सांगतं की माझा क्रमांक तीन. सगळीच तसं सांगतात. ओटमारने कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन क्रमांकाला पुढे जायला सांगितलं, तर रुळावर होती ती पाचही इंजिनं निघाली, त्यातली दोन एकमेकांकडे.

"हे शाळेसारखंच झालं," डेटलेफ म्हणाला. "उत्तर कुणाला येतं विचारलं की सगळ्यांचे हात वर."

"तू कधी केलास?" ओटमारने विचारलं. आल्विनला हसू आलं. ओटमारला नाही. एकेक इंजिन वेगळ्या रुळावर घेऊन त्याने प्रत्येकाला आपला क्रमांक दिला.

मग प्रत्येक इंजिनाचा वेग मोजायचा. दोन खुणांमधून पुढे-मागे न्यायचं आणि प्रोग्राम वेळ धरतो. ओटमार शेजारी आपलं स्टॉपवॉच घेऊन बसला. वाफेच्या एका इंजिनात दोघांच्या वेळेत सेकंदाच्या दोन दशांशांचा फरक आला. ओटमारने कॉम्प्युटरला आणखी एक संधी दिली. दुसऱ्यांदा कॉम्प्युटरची वेळ ओटमारच्या वेळेशी जुळली. त्या दिवसापासून तो त्याच्याशी जरा बरं वागू लागला. झाकण बंद करताना 'चल' म्हणायचा.

ऑक्टोबरमध्ये कामं वाटली. रूळ डेटलेफकडे: कुठला तुकडा किती लांब, कुठे किती गाडी मावते. टेप घेऊन तो गुडघ्यांवर सगळं तळघर फिरला. गाड्या ओटमारकडे: प्रत्येक इंजिन, प्रत्येक डबा, त्याचं वजन, त्याची लांबी. कारण प्रोग्रामला दोन्ही आकडे लागतात. गाडी फलाटावर मावते का ते बघून मगच तो ती तिथे नेतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी सगळं तयार झालं. ओटमारने 'सुरू करा' दाबलं.

एकही गाडी हलली नाही.

हाताने चालवलं तर प्रत्येक इंजिन जायचं. सांधे बदलायचे, सिग्नल पडायचे. पण वेळापत्रकाप्रमाणे आपापलं चालायला सांगितलं, की एकोणीसच्या एकोणीस गाड्या जागच्या जागी. पडद्याच्या तळाशी बारीक राखाडी अक्षरांत एक ओळ यायची: या गाडीसाठी योग्य मार्ग उपलब्ध नाही.

"मार्ग नाही म्हणजे तारेत दोष आहे," डेटलेफ म्हणाला आणि टेबलाखाली गेला. दोन आठवडे तो तिथेच होता. गाडी कुठे पोचली ते कळवणारे अठ्ठेचाळीस सेन्सर त्याने एकेक करून बदलले. रोझविता केक खाली वाकून द्यायची.

"अजून जिवंत आहेस का रे?" ती विचारायची.

"आलुबुखाऱ्याचा आहे की सफरचंदाचा?"

"आलुबुखाऱ्याचा."

"मग आहे."

तिसऱ्या गुरुवारी आल्विनने बैठक बोलावली. प्रदर्शनाला दहा दिवस उरले होते. त्याने टाय लावला होता, तेव्हाच मला कळलं की आज काहीतरी वाईट होणार.

"मी काही म्हणत नाही," तो म्हणाला, "पण तार ठीक आहे. सेन्सर ठीक आहेत. सांधे ठीक आहेत. मग राहिलं काय?"

त्याने टायची गाठ वर सरकवली.

"मी कुणाचं नाव घेत नाही. पण एका सभासदाचा या कामाला विरोध होता, तो इतिवृत्तात आहे."

"पान चौतीस," मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं.

ओटमारने डेटलेफकडे पाहिलं. डेटलेफने टेबलाखालच्या तारांकडे पाहिलं.

"म्हणजे मी मुद्दाम केलं," ओटमार म्हणाला.

"असं कोण म्हणालं?"

"तू म्हणालास. टाय लावून."

आल्विनने टाय सैल केला, पण बोललेलं मागे घेतलं नाही. ठराव असा झाला: येत्या गुरुवारपर्यंत प्रोग्राम चालला नाही, तर तो काढून टाकायचा. मग प्रदर्शनात फक्त मुख्य स्थानक चालेल. ते ओटमार नेहमीप्रमाणे आपल्या खुर्चीतून, चौसष्ट बटणांनी चालवेल. बाकीची दोन स्थानकं चादरीखाली.

ठराव एकमताने मंजूर झाला. म्हणजे ओटमारनेही हात वर केला. आता त्याने काहीच केलं नाही, तरी खुर्ची त्याची राहणार होती.

मंगळवारी दुपारी तळघरात दोघंच होती. पुढचं सगळं मला रोझविताने सांगितलं, आणि ओटमारने ते नाकारलं नाही. ती प्रदर्शनाच्या कपबश्या पुसत होती. तो पडद्यासमोर बसून पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून वाचत होता, पान एकशे बारावर होता. टेबल पुसायला म्हणून ती मागे आली आणि फडकं हातात धरून थांबली.

"वीस हजार सातशे सत्तर. हे काय, गावची मतदारसंख्या?"

"आठ-चारच्या जलदगाडीची लांबी. प्रोग्राम सेंटिमीटरमध्ये मागतो."

"कुठली जलदगाडी?"

"ही काय, समोर." त्याने बोट दाखवलं. फलाटावर सात डब्यांची निळी गाडी उभी होती. तिच्या टोकाशी रोझविताची बशी होती.

तिने गाडीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग परत गाडीकडे.

"ओटमार, माझ्या दुकानात कुणी वीस हजार सेंटिमीटर कापड मागितलं असतं ना, तर मी आधी विचारलं असतं, खिडकी कुठल्या राजवाड्याची."

"सव्वीस मीटर चाळीसचे सात डबे, बावीस मीटर नव्वदचं इंजिन. बरोबर आहे. डब्यावर लिहिलंय."

आणि खरंच लिहिलेलं असतं. खऱ्या डब्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी रंगवतात, आणि आमची खेळणी इतकी प्रामाणिक की तीही तीच लिहितात, केसाएवढ्या अक्षरांत. ओटमारने ऑक्टोबरभर भिंग घेऊन प्रत्येक डब्यावरचा आकडा वाचला होता. मीटरचे सेंटिमीटर केले होते. दोनदा तपासले होते. एकतीस वर्षं त्याने गाडीची लांबी अशीच घेतली होती. आपल्यासमोरचा डबा हातभरही नाही, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"आणि ह्या टेबलाची लांबी किती?" रोझविताने विचारलं.

त्याने टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

"चौदा मीटर," तो म्हणाला.

"आणि गाडी?"

"दोनशे सात."

"मग बिचारा प्रोग्राम ती ठेवणार कुठे? इथून चर्चच्या दारापर्यंत जाईल ती."

ओटमारने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तीन आठवडे बिचारा प्रोग्राम राखाडी अक्षरांत सांगत होता की बाबांनो, ही गाडी मावत नाही. आणि ते त्याला, ज्याने आयुष्यात एक गाडी चुकीच्या फलाटावर घेतली नाही, समजलं नव्हतं.

"तू सांगणार आहेस?" त्याने विचारलं.

"कुणाला?"

"आल्विनला. डेटलेफला."

"मी कशाला सांगू? मला मत नाही, खुर्ची नाही. मी केकवाली."

ती परत कपबश्यांकडे गेली. सोळा कप पुसून झाले तोपर्यंत ओटमार तसाच बसून होता, असं ती सांगते. गुरुवार दोन दिवसांवर होता. हा आकडा तिथे तसाच राहिला असता, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. सुधारला, तर दोन गोष्टी होणार होत्या: आल्विन म्हणणार, बघा, चूक त्याचीच होती, आणि रविवारी गाड्या त्याच्याविना चालणार.

सतराव्या कपाला त्याने विचारलं, "टेप आहे का तुझ्याकडे?"

"पर्समध्ये. सवय जात नाही."

"ये मग. एक टोक धर."

एकोणीस गाड्या मोजायला त्यांना साडेचार तास लागले. रोझविताने पहिल्याच गाडीला दोन सेंटिमीटर सोडून माप घेतलं. शिवणीला लागतात म्हणाली. त्यावर त्यांचं जरा वाजलं. जलदगाडी दोनशे एकोणचाळीस सेंटिमीटर भरली. फलाट दोनशे ऐंशीचा होता.

गुरुवारी ओटमारने बैठकीत उभं राहून सांगितलं. बसूनही चाललं असतं.

"दोष गाड्यांच्या लांबीत होता. लांबी मी भरली होती. डब्यावरची भरली. खरी."

डेटलेफला समजायला सगळ्यात कमी वेळ लागला. "म्हणजे ते अठ्ठेचाळीस सेन्सर..."

"चांगले होते."

"सगळे?"

"सगळे."

डेटलेफने डोळे मिटले. रोझविताने त्याच्या बशीत दुसरा तुकडा ठेवला.

"मुद्दाम नव्हतं," ओटमार म्हणाला. "पण ते सिद्ध करता येत नाही. हवं तर तसंही लिहा."

आल्विनने कप खाली ठेवला. "असली चूक मुद्दाम कुणाला सुचेल रे?" तो म्हणाला. "मी गेल्या बैठकीत जे म्हणालो ते..." मग तो माझ्याकडे वळला. "त्या पानावर चहा सांडता येईल का?"

"आपण कॉफी पितो," मी म्हणालो.

"कॉफी सांड मग."

मी सांडली. ओटमारने 'सुरू करा' दाबलं आणि आठ चारची जलदगाडी आठ चारला निघाली. तिच्यामागे मालगाडी, तिच्यामागे दुधाची गाडी. चाळीस सांधे आपापले बदलत होते. आम्ही चौघे हात मागे बांधून उभे होतो, आणि काय करावं ते कुणालाच कळत नव्हतं.

पहिल्या रविवारी दहाला दारं उघडली. ओटमार पांढरा शर्ट घालून नेहमीप्रमाणे आपल्या खुर्चीत बसला. ही खुर्ची आमच्या छोट्या रेल्वेतल्या प्लास्टरच्या डोंगराच्या मागे आहे, बटणांच्या तारा तिथे पोचतात म्हणून. तिथून प्रेक्षक दिसत नाहीत. जाळी, प्लास्टर आणि स्थानकाची मागची भिंत एवढंच दिसतं. बाहेर लहान मुलं ओरडत होती. आत ओटमारने गुडघ्यांवर हात ठेवले होते. दहा सोळा. दहा एकवीस. दहा पंचवीस. प्रोग्राम सगळं करत होता.

अकराच्या सुमारास रोझविता कॉफी घेऊन मागे गेली. मी तिकिटांच्या टेबलावर होतो, पण तिथून ऐकू येतं.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"काही नाही. तेच चाललंय."

"बाहेर गर्दी बघ किती आहे. बोगद्यातून गाडी निघते ना, तिथे पोरं तीन ओळीत उभी आहेत."

"कुठल्या बोगद्यातून?"

"असं काय विचारतोस? तुझ्याच."

तो म्हणाला, "मी ती आत घालतो. बाहेर निघताना मी कधी पाहिलेली नाही."

"बावीस वर्षांत?"

"मग ही बटणं कुणी दाबली असती?"

तिने कॉफीचा कप बटणांच्या वर ठेवला. तिथे काही ठेवायला बंदी आहे. "ऊठ," ती म्हणाली.

"आणि इथे?"

"मी बसते. पस्तीस वर्षं दुकानात बसले, मंगळवारी तर एक गिऱ्हाईक येत नसे. नुसतं बसणं मला तुझ्याहून चांगलं जमतं."

ओटमार उठला. त्याने तिला तीन सूचना दिल्या: कशाला हात लावू नकोस, लाल दिवा लागला तर मला हाक मार, आणि कप उचल. तिने कप उचलला.

मला वाटलं, तो सरळ डोंगराला वळसा घालून पुढे येईल. पण दोरीच्या पुढची जागा प्रेक्षकांची. सभासदांना तिथे उभं राहायला मनाई आहे. ओटमार मागच्या दाराने अंगणात गेला, शाळेला फेरी मारून पुढच्या दाराशी आला आणि रांगेत उभा राहिला. त्याच्यापुढे एक आजी आणि चार नातवंडं होती. माझ्यासमोर येऊन त्याने पाकीट काढलं.

"एक. ज्येष्ठ नागरिक."

"ओटमार, वेडा आहेस का? जा आत."

"तिकीट दे."

मी दिलं. तो आत गेला आणि मुलांच्या तिसऱ्या ओळीमागे उभा राहिला. दहा मिनिटांनी पहिल्या ओळीत होता. कसा पोचला ते मुलांनाही सांगता आलं नाही. निळी जलदगाडी बोगद्यात शिरल्याचा आवाज आला. ओटमार पुढे वाकला. काळं तोंड बराच वेळ काळंच राहिलं, मग आत दोन दिवे दिसले, आणि इंजिन, आणि एकामागून एक सात डबे, खिडक्यांतून उजेड सांडत, वळणावर जरा कलंडत, त्याच्या नाकासमोरून गेले. त्याने त्यांच्यासोबत पुरी मान वळवली.

शेजारची एक बाई कौतुकाने म्हणाली, "किती छान. हे सगळं चालवतं कोण हो?"

"रोझविता," ओटमार म्हणाला. "पडदेवाली."

साडेबाराला आल्विन आला. दोरीपलीकडून त्याने हळू आवाजात सुरुवात केली. "अरे, तू आपला माणूस ना. मागे चल. तू उभा राहिल्यामुळे पोरांना दिसत नाही."

ओटमारने शर्टाच्या खिशातून तिकीट काढून त्याला दाखवलं.

"सहा वाजेपर्यंत आहे," तो म्हणाला, आणि खाली मान घालून जमिनीवर, मुलांच्या मांडीला मांडी लावून बसला. पुढची गाडी बारा एकतीसची होती.